वसंत, कापून-छाटून

भारतीय हवामान खात्याच्या वर्षात चार ऋतू आहेत. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि उरलेले तीन महिने पावसाळ्यानंतरचे. वसंताची नोंद या दप्तरात नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री बारापर्यंत थंडी आणि बारा वाजून एका मिनिटानं उन्हाळा. मधे कोकिळेला खाकरायलाही सवड ठेवलेली नाही. पंचांगात वसंत आहे, पण तिथेही घोळ आहे. ऋतू चैत्र-वैशाखातला आणि त्याची पंचमी माघात, ऐन शिशिरात. सरकार त्याला ओळखत नाही, पंचांग त्याला दोनदा बोलावतं, आणि सुरतेच्या दक्षिण टोकाला भेस्तानमध्ये तो येतो तो थेट मोबाइलच्या गॅलरीत.

मुंबईहून येताना सचिन मागे पडलं की भेस्तान, मग उधना, मग सुरत. जलद गाड्यांतल्या प्रवाशांना भेस्तान दिसतं ते बर्थखालची बॅग ओढता ओढता, तेही अर्धंच. एका अंगाला पांडेसराची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सचिनची, दोन्हीकडे चिमण्या. मधे आवास योजनांच्या इमारती, लूम्सची खाती, पत्र्याची गोडाऊनं आणि उधना दरवाज्यापासून सचिन जीआयडीसीच्या नाक्याकडे जाणारा बीआरटीएसचा मार्ग. हा मार्ग २०१४ साली सुरू झाला, सुरतेतला पहिला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या सगळ्या पट्ट्यात धुळे-नंदुरबार-जळगावकडची माणसं इतकी आहेत, की भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे. तसं पाहिलं तर मराठी माणसानं हिवाळ्यात सुरतेला येण्याची परंपरा १६६४ च्या जानेवारीपर्यंत मागे नेता येते. फरक एवढाच, की ते पाहुणे आठवड्याच्या आत परतले; आताचे लूमवर लागले आणि इथलेच झाले.

इथले झाले तरी गावाकडचे फोन थांबत नाहीत, आणि जानेवारीत गावाकडून पहिला प्रश्न येतो तो थंडीचा. "तठे थंडी शे का रे भो?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात परीक्षा आहे. धुळ्याचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो. शेतात पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजली जातात, भरताची पंगत बसते आणि तिचे फोटो रात्रीच भेस्तानात पोचतात. सुरतेत त्याच दिवसांत पहाटे पंधराच्या आसपास आणि दुपारी तीसच्या घरात तापमान असतं. रात्री पंखा बंद करणं ही इथली कडाक्याची थंडी. पण गावाकडच्या मामाला हे कसं सांगणार? "शे ना मामा, सकाळे धुकं पडस," असं उत्तर जातं आणि पुराव्यादाखल फोटो काढणं भाग पडतं.

भेस्तानमधली बरीचशी निसर्गछायाचित्रं अशी पुराव्याच्या गरजेतून जन्मली आहेत.

धुकं सापडतं. निदान फोटोत तरी ते धुकंच दिसतं. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. गिरण्यांचा धूर, रस्त्याची धूळ, चहाच्या टपरीची शेगडी आणि खाडीची वाफ असं सगळं त्या झाकणाखाली अडकून राहतं. सातच्या पुढे सूर्य वर येतो तो या गिलाव्यातून, केशरी, गोल आणि इतका निस्तेज की त्याच्याकडे सरळ बघता यावं. हिल स्टेशनला जाऊन लोक जे दृश्य पैसे देऊन बघतात ते इथे गच्चीवर फुकट मिळतं, थोड्या खोकल्यासकट. कॅमेऱ्यालाही ही सकाळ मानवते. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक समोरचं सगळं सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. जगात इतरत्र हा अंदाज असतो. पांडेसराच्या बाजूला ती वस्तुस्थिती आहे.

फोटो गावी पोचतो आणि मामांचा उलट सवाल येतो: "हाई धुकं शे का धूर शे?" म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत आहे.

त्यानंतर भाचा छाटणी शिकतो. फोटो काढणं हे भेस्तानात निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे फोटोतून भेस्तान काढणं. लग्नाच्या फोटोतून अनोळखी पाहुण्याला बाजूला करावं तशी चिमणी आधी जाते. मग विजेच्या तारा जातात, मग पाण्याची टाकी, मग डिश अँटेना, मग शेजारच्या गॅलरीत वाळणारी गोधडी आणि शेवटी कापडाच्या ताक्यांनी शिगोशीग भरलेला टेम्पो. टेम्पो सर्वांत चिवट. तो फोटो काढताना नसतो, नंतर पाहिलं की असतो. एवढं सगळं गेल्यावर कडुनिंबाची एक डहाळी आणि तिच्यामागे बोटभर आभाळ शिल्लक राहतं. तीच 'आमच्याकडची सकाळ' म्हणून पुढे पाठवली जाते. मोबाइल कंपन्या पन्नास मेगापिक्सलचे कॅमेरे कशाला विकतात असं विचारणाऱ्यांनी एकदा इथे यावं. पंचेचाळीस भेस्तानला जातात, पाच वसंताला उरतात.

संक्रांतीनंतर छाटणीचं काम वाढतं. १४ आणि १५ जानेवारीला अख्खी सुरत गच्चीवर असते. खाली उतरते तेव्हा पतंग वरच राहिलेले असतात: तारांवर, टॉवरवर आणि मुख्यत्वे झाडांवर. फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की जुनी पानं एकेक करून निघून जातात आणि पतंग दिसू लागतात. पिंपळाला पालवी यायची असते तेव्हा त्यावर जांभळे, गुलाबी, चंदेरी पतंग लटकलेले असतात. काहींवर नेत्यांचे चेहरे असतात. हौशी छायाचित्रकारासाठी हा मोठा पेच आहे. निष्पर्ण फांद्यांची नाजूक जाळी टिपावी म्हणून कॅमेरा वर न्यावा, तर जाळीच्या मधोमध गेल्या निवडणुकीतला उमेदवार हात जोडून उभा. मांजा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तो झाडात महिनोन् महिने राहतो आणि पक्ष्यांचे पंख कापतो. जखमी पक्ष्यांसाठी गुजरात सरकारला दर संक्रांतीला 'करुणा अभियान' चालवावं लागतं. फोटोत मांजा दिसत नाही. त्याला छाटावंही लागत नाही.

हिवाळ्याचं सर्वांत प्रामाणिक निसर्गचित्र सुरतेत ताटलीत मिळतं. कोवळ्या ज्वारीचा पोंक, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव, बाजूला पोंकवडे. गावाकडचा हुरडा तो हाच. फक्त गावी तो शेतात बसून हातावर चोळून खातात आणि इथे वजन करून घेतात. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण ही म्हण सुरती माणूस पाहुण्याला दोन घासांच्या मधे ऐकवतो. हिरव्यागार पोंकाचा फोटो खरोखर सुंदर येतो, कारण ताटलीच्या आसपास चिमणी नसते. फेब्रुवारी सरत आला की पोंकाची दुकानं उठतात. ऋतू बदलल्याची ही सूचना हवामान खात्यापेक्षा भरवशाची आहे. जिभेला कळतं.

उत्तम प्रकाशाचा एक तास सकाळी आणि एक तास संध्याकाळी असतो, असं छायाचित्रणाची सगळी पुस्तकं सांगतात. फेब्रुवारीच्या मध्याला सुरतेत सूर्य सव्वासाताच्या आसपास उगवतो आणि साडेसहा वाजून गेल्यावर मावळतो. लूमच्या खात्यांत बारा तासांची पाळी असते आणि ती बदलते साधारण याच सुमाराला. त्यामुळे कोवळं सोनेरी ऊन पडतं तेव्हा निम्मं भेस्तान डबा घेऊन निघालेलं असतं आणि निम्मं डोळे चोळत घरी चाललेलं असतं. रात्रपाळी करून आलेला कारागीर जिन्यात थांबून पिंपळाच्या तांबूस पालवीचा फोटो घेतो, तो हलतो, पुन्हा घेतो, तोही हलतो. पुस्तकात यावर तिपाईचा उपाय दिला आहे. झोपेचा दिलेला नाही.

ज्यांना वेळ आहे असे लोक वेगळे. त्यांत निवृत्त शिक्षक आघाडीवर. दर सोसायटीत असे एक मास्तर असतातच, ज्यांना मुलानं निवृत्तीनिमित्त मोठ्या भिंगाचा कॅमेरा दिलेला असतो. ते पहाटे स्वेटर, कानटोपी आणि कॅमेरा अशा जय्यत तयारीनं निघतात, आणि साडेआठला स्वेटर कमरेला, टोपी खिशात आणि कॅमेरा पिशवीत घालून परततात. अशा मास्तरांची धाव अलथाण-बमरोलीच्या बाजूला कांकरा खाडीकाठी महापालिकेनं केलेल्या बायोडायव्हर्सिटी पार्कपर्यंत किंवा डिंडोलीच्या तळ्यापर्यंत असते. काही जिद्दीचे तापीवरच्या कॉजवेला जातात, कारण तिथे हिवाळाभर कुरव पक्षी येतात. सुरतकर त्यांना सीगल म्हणतात आणि गाठिया खाऊ घालतात. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर घरटी करणारा पक्षी इतक्या लांब येऊन तळलेलं बेसन खातो, हे काही त्याच्या तब्येतीला चांगलं नाही. पक्षीमित्र दर वर्षी सांगतात, गाठियावाले दर वर्षी विकतात. फोटोसाठी मात्र मूठभर गाठिया फेकले की शंभर पंख एकदम चौकटीत येतात. डिसेंबरात या पक्ष्यांचं डोकं पांढरं असतं, कानाशी फक्त एक काळसर ठिपका. वसंत जवळ आला की डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढते. मास्तरांची कानटोपी उतरते त्याच सुमाराला कुरवांची चढते. ऋतुबदलाचा याहून पक्का पुरावा कुठल्या पंचांगात मिळणार?

जपानी लोकांनी हा पुराव्याचा प्रश्न सरकारी पातळीवर सोडवला आहे. टोक्योत यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचं एक ठरावीक झाड आहे. हवामान खात्याचा माणूस तिथे जाऊन फुलं मोजतो. पाच-सहा उमलली की राजधानीत साकुरा फुलल्याची घोषणा होते आणि सारा देश सतरंज्या घेऊन बागेत जातो. भेस्तानात असं झाड नेमायचं ठरलं तर कुठलं नेमणार? कडुनिंब नेमावा तर त्याच्या बुंध्याला फ्लेक्स बांधलेला. पिंपळ नेमावा तर त्यावर उमेदवार. आंबा नेमावा तर मोहोर मोजणाऱ्या सरकारी माणसाकडे सोसायटीचे लोक कैऱ्यांच्या हिशेबानं संशयानं बघणार.

मुळात इथला वसंत आधी कापडावर येतो. सुरत पॉलिएस्टर साड्यांची राजधानी. लूमवरून उतरलेलं कोरं 'ग्रे' कापड पांडेसराच्या मिलमध्ये रंगाई-छपाईला जातं आणि तिथून रिंग रोडच्या मार्केटात. लग्नसराईचा माल आधीच छापून तयार हवा, त्यामुळे बाहेर पानगळ चालू असताना मिलमध्ये फुलांचा पूर आलेला असतो. कमळाच्या वेलीला गुलाब, गुलाबाच्या देठाला आंब्याची कोयरी, कोयरीवर मोर. वनस्पतिशास्त्राला ठाऊक नसलेल्या कैक जाती पांडेसरात दर आठवड्याला फुलतात. या कामावरचा माणूस बारा तास फुलं बघून घरी येतो आणि बायको म्हणते, "अहो, खाली बोगनवेल काय फुललीय, जरा फोटो काढा ना." तो काढतो. बोगनवेलीचा तो गुलाबी भाग पाकळ्यांचा नसतोच, ती रंगीत पानं असतात. खरं फूल मधे, पांढरं आणि जेमतेम दिसणारं. छपाईवाल्याला याचं आश्चर्य वाटत नाही. खालचं कापड आणि वरचा रंग वेगवेगळे असतात, हे त्याला कामावर पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

कापडाच्या या वसंताची गळतीही होते. चिंध्या उडतात आणि खाडीकाठच्या वेड्या बाभळीवर जाऊन अडकतात. वेडी बाभूळ, म्हणजे गुजराती लोकांचा गांडो बावळ, मूळची अमेरिका खंडातली. तिला बाराही महिने फारसं देखणं असण्याची सवय नाही. पण फेब्रुवारीच्या उन्हात तिच्या काट्यांवर राणी, पोपटी, फिरोजी पट्ट्या फडफडतात तेव्हा लांबून ती चांगलीच बहरलेली दिसते. असा फोटो झाडं ओळखणाऱ्या एखाद्या हुशार मोबाइल अॅपला दाखवून बघावा. ते जे नाव सांगेल ते झाड भेस्तानात नक्की नसेल.

माघ शुद्ध पंचमीला वसंताचं रीतसर आगमन होतं, ध्वनिक्षेपकावरून. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कारागीर सरस्वतीच्या मूर्ती बसवतात. मांडव पिवळे, झेंडू पिवळा, बुंदी पिवळी. पाठोपाठ १९ फेब्रुवारीला शिवजयंती येते आणि मराठी मोहल्ल्यांतली कमान भगवी होते. दोन्हींच्या मधे मोबाइलचा कॅमेरा गोंधळतो. समोर सगळंच पिवळं-भगवं दिसलं की बिचाऱ्याला वाटतं दिव्याचा प्रकाश पिवळा आहे, आणि तो आपल्या अकलेनं त्यात निळा मिसळतो. मिरवणुकीच्या फोटोत मग मावळे थोडे सर्दी झालेले दिसतात.

भेस्तानचा ऋतू ओळखायची खरी खूण मात्र चिमणीत आहे, आणि तीच नेमकी छाटली जाते. जानेवारीच्या सकाळी धूर वर जात नाही. थोडा चढतो आणि आडवा पडून राहतो. फेब्रुवारी संपत आला की जमीन लवकर तापते, ते हवेचं झाकण सकाळीच उघडतं आणि धूर सरळ उभा राहू लागतो. मार्चच्या दुपारी डुमसच्या बाजूनं समुद्राचं वारं जोर धरतं आणि सगळ्या चिमण्यांचे तुरे पूर्वेला झुकतात. पूर्वेला बारडोली, व्यारा, नवापूर आणि पुढे खानदेश. होळीला गावी जायचं तिकीट न मिळालेला माणूस गच्चीवरून हे बघतो तेव्हा त्याला धुराचा हेवा वाटला तर नवल नाही. एकाच चिमणीचा महिन्याला एक असा फोटो कुणी वर्षभर काढला, तर सुरतेच्या हवेवर तो एक बरा दस्तऐवज होईल. पण असा फोटो सुप्रभात संदेशाखाली लावता येत नाही, म्हणून कुणी काढत नाही.

आता पळस. वसंताचा फोटो म्हटला की पळस पाहिजेच, आणि शहरात पळस मिळणं कठीण. होळीच्या तोंडावर गुजरातेत केसूडा विकायला येतो, कारण त्याच्या फुलांचं पाणी करून रंग खेळायची आणि अंघोळ करायची जुनी रीत आहे. त्यामुळे बाजारात हातगाडीवर पळसफुलांचा ढीग दिसतो आणि हौशी लोक त्याचाच फोटो घेतात. तराजू, गाडीवाला आणि क्यूआर कोड छाटला की ढीग रानातला वाटतो. ज्यांना झाडावरचाच पळस हवा त्यांना गाडी पकडावी लागते. उधन्याहून जळगावला जाणारी ताप्ती व्हॅलीची तीनशे किलोमीटरांची लाइन व्यारा, सोनगडच्या पुढे पळसाच्या मुलखातून जाते. सोनगड ओलांडलं की फाल्गुनात दोन्ही बाजूंना केशरी डाग दिसायला लागतात, मधेच काटेसावरीचा लाल, आणि मोहाच्या झाडाखाली सकाळी टोपल्या घेऊन वेचायला बसलेल्या बायका. पळसाला पानं तीन ही म्हण ज्यानं केली त्यानं ती फाल्गुनात केलेली नसणार. तेव्हा झाडावर पानं तीनही नसतात, सगळी फुलंच असतात. त्या फुलांवर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव. मध्य आशियातून येणारे हे गुलाबी पाहुणे परतीच्या वाटेवरचा फराळ पळस-सावरीवर उरकून घेतात.

खिडकीतून हे टिपणं हे मोठं शौर्याचं काम आहे. एक तर होळीच्या गर्दीत खिडकी मिळायला हवी. ती मिळाली तर खिडकीचे गज. गजांतून हात बाहेर काढावा तर शेजारच्या आजीबाई ओरडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. हे सगळं जमलं तरी पळस थांबत नाही, गाडी थांबत नाही, आणि या लाइनीचं दुहेरीकरण-विद्युतीकरण झाल्यापासून प्रत्येक पळसाला एक लोखंडी खांब मिळालेला आहे. पूर्वी धीमी, एकेरी गाडी होती तेव्हा फोटो चांगले येत असतील. पण तेव्हा लोकांकडे कॅमेरे नव्हते. शिवाय पळसाचा रंगच कॅमेऱ्याला झेपत नाही. लाल रंग टिपणारा भाग आधीच काठोकाठ भरतो, मग पाकळीवरची मखमल, शिरा, पोपटाच्या चोचीचा बाक सगळं पुसलं जाऊन नुसता केशरी ठिपका उरतो. उजेड एक-दोन पायऱ्या कमी करून फोटो घेतला तर फूल फुलासारखं येतं. उलट मोबाइल स्वतःहून रंग आणखी भडक करून देतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं रानाला आग लागली आहे. खानदेशातले जाणते लोक मार्चमध्ये खरा वणवा कसा दिसतो ते ओळखून असतात, म्हणून असा फोटो आला की आधी काळजीचा फोन येतो.

पळस हुकला तरी नवापूर हुकत नाही. हे स्टेशन निम्म्याहून अधिक गुजरातेत आणि उरलेलं महाराष्ट्रात आहे. आठशे मीटर लांबीपैकी सुमारे तीनशे मीटर महाराष्ट्राचे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, आणि मधे एक बाक, ज्याच्या निम्म्यावर महाराष्ट्र आणि निम्म्यावर गुजरात लिहिलेलं आहे. घोषणा चार भाषांत होतात. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा रेषा कुठून जाते याचा विचार रुळांनी केलेला नव्हता. या बाकावर बसून फोटो काढल्याशिवाय भेस्तानचा खानदेशी माणूस पुढे जात नाही. नवरा गुजरातेत, बायको महाराष्ट्रात, पोरगं मधे. हा एक फोटो असा, की ज्यात कुणी काही छाटत नाही. छाटलं तर एक राज्य जातं.

होळी-धुळवडीला छायाचित्रण दोन दिवस बंद राहतं, कारण फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीतून काढलेले फोटो पुन्हा जानेवारीच्या धुक्यातले वाटतात. मराठी घरांना रंगपंचमीही करायची असते, त्यामुळे पिशवी लवकर सुटत नाही. मग पाडवा. लिंबायतेतल्या तेलुगू विणकरांचा उगादी त्याच दिवशी, आणि गुजराती शेजाऱ्यांचं नवं वर्ष दिवाळीलाच होऊन गेलेलं. "साल मुबारक" दोनदा म्हणायला त्यांची हरकत नसते. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत गुढी उभी राहते. तिला नेसवलेली साडी बहुधा दोन किलोमीटरवरच छापलेली असते. कडुनिंबाची कोवळी पानं खालच्या त्याच फ्लेक्सवाल्या झाडाची. फोटो काढायला घरातला माणूस रस्त्यावर उतरतो, कारण गॅलरीतून गुढीचा फक्त बांबू येतो. खालून बघितलं की गुढी, तिच्यामागे तारा, तारांत जानेवारीचा एक फाटका पतंग. छाटायला घेतलं तर गुढीच आडवी कापली जाते, म्हणून फोटो तसाच जातो.

आणि मग लग्नसराईत गावचे मामाच भेस्तानला येतात. भाच्यानं वर्षभर पाठवलेले फोटो त्यांच्या फोनमध्ये सगळे जपलेले असतात: डहाळी, आभाळ, केशरी सूर्य, डहाळी. संध्याकाळी भाचा त्यांना खाली नेतो. ऊन उतरलेलं असतं, प्रकाश पुस्तकात सांगितला तसा असतो. त्यानं हेरून ठेवलेली जागा तयार असते, कडुनिंबाखाली, जिथे फक्त मोहोर आणि भिंतीचा एक स्वच्छ तुकडा चौकटीत येतो. मामा तिथे उभे राहायला तयार नसतात.

"निंब तं आपला गावमा बी शे," मामा म्हणतात. त्यांना स्टेशनच्या पिवळ्या पाटीजवळ एक फोटो हवा असतो, बीआरटीएसच्या बसबरोबर एक, आणि एक मिलसमोर. भाचा फोन वर करतो, सवयीनं जरा डावीकडे सरकवतो. मामांचं लक्ष असतं.

"ती चिमनी येऊ दे ना मांगे. गावमा दखाडनी शे."

चिमणी उंच, मामा बुटके. दोघं एका चौकटीत मावेनात, म्हणून भाचा मागे मागे सरकत रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसतो. ताक्यांनी भरलेला टेम्पो हॉर्न देत येतो आणि मामा त्यालाही हात करून थांबवतात.